आहेरातले दोन मिक्सर आणि हिमोग्लोबिनचं घराणं

ठाण्यातल्या टी.वाय.बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "जनुकाची नक्कल होते म्हणजे तोच मजकूर दोनदा येतो. पुस्तकातलं एक पान दोनदा छापलं तर ज्ञान वाढत नाही. मग नकलेतून नवं काही कसं निघतं? आणि जनुकं गळून जाणं हे तर उघड नुकसान. तरी दोन्हींमुळे जीनोम (जिवाचा सगळा डीएनए) घडतो असं का शिकवतात?"

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी नवी मुंबईतल्या एका जनुकीय तपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करतेय. उत्क्रांती हा माझा पोटापाण्याचा विषय नाही. पण कोणाकडे कुठल्या जनुकाच्या किती प्रती आहेत, कुठली गहाळ आहे, कुठली जास्तीची आहे, हे मोजण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे तुझा प्रश्न माझ्या टेबलावर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून रोज येतो.

आधी ती पुस्तकाची उपमा सोड. पान छापून झालं की निवांत पडून राहतं. जनुक सतत कामावर असतं. एकुलत्या एक जनुकाला रजा नसते. त्यात डीएनएचं एखादं अक्षर बदललं आणि प्रथिन बिघडलं, की ते धारण करणारा जीव मागे पडतो आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत टिकत नाही. नक्कल झाली की दोघांतल्या एकाला मोकळीक मिळते. एक प्रत काम सांभाळते, दुसरीत बदल साठत गेले तरी कोणी जाब विचारत नाही. हा विचार १९७० साली जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी ठासून मांडला. त्याच्या बराच आधी, १९३०च्या दशकात, ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही तो सुचवला होता. नक्कल डोळ्यांनी दिसलीही होती: फळमाशीचे डोळे अरुंद करणारा 'बार' हा दोष म्हणजे गुणसूत्राचा एक तुकडा दोनदा आल्याचा परिणाम, हे १९३६ साली ब्रिजेस यांनी दाखवलं.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात, आणि म्हणून घोटाळा होतो. वाचणाऱ्याला वाटतं, मोकळी सुटलेली प्रत आता काहीतरी भारी शोध लावणार. खरं म्हणजे मोकळी सुटलेली प्रत बहुधा कुजते. अक्षरं गळतात, मध्येच थांबायची खूण येते, आणि काही काळानं तिथे जनुकाचा सांगाडा उरतो. २०००मध्ये लिंच आणि कॉनेरी यांनी अनेक जीवांचे जीनोम तपासून ढोबळ हिशेब मांडला: दर शंभर जनुकांमागे दहा लाख वर्षांत साधारण एकाची नक्कल होते, आणि अशा बहुतेक नकला पुढच्या काही दशलक्ष वर्षांत निकामी होतात. म्हणजे नक्कल होणं ही काही दुर्मीळ घटना नव्हे. नवल आहे ते नक्कल टिकण्याचं.

मग काही नकला टिकतात कशा? याचं मला सगळ्यांत पटलेलं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे.

माझ्या लग्नात आहेरात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन मिक्सर आले. एक वापरायचा, दुसरा माळ्यावर, असं ठरलं. पण घरात माणसं जास्त, म्हणून दोन्ही ओट्यावर राहिले. चारेक वर्षांनी पहिल्याचा एक नंबर गेला. हळू फिरेना, बटण फिरवलं की थेट सुसाट. ताक घुसळायला निरुपयोगी, पण शेंगदाण्याचं कूट झकास. दुरुस्त कशाला करा, दुसरा होता की. आणखी दोन वर्षांनी दुसऱ्याचा तीन नंबर गेला. आता ताक त्याच्यावर, कूट याच्यावर. सासूबाई म्हणायच्या, "एक तरी काढून टाका, ओटा अडतोय." कुठला काढणार? दोन्ही बिघडलेले, आणि दोन्हींवाचून अडतं.

जनुकांचं अगदी हेच होतं. जनुकाच्या आजूबाजूला त्याची बटणं असतात: हे जनुक यकृतात चालू कर, ते मेंदूत, गर्भात चालू कर, जन्मानंतर बंद. नक्कल झाल्यावर एका प्रतीचं यकृताचं बटण बिघडतं, चालून जातं, कारण दुसरीचं शाबूत असतं. पुढे दुसरीचं मेंदूचं बटण बिघडतं, तेही चालून जातं. त्यानंतर मात्र दोघी एकमेकींना बांधल्या जातात. नवं काही कोणी शोधलेलं नाही, फक्त दोन ठिकाणी मोडतोड झाली आहे, आणि त्या मोडतोडीतूनच दोन वेगळ्या कामांची दोन वेगळी जनुकं तयार झाली. १९९९ साली फोर्स, लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणितासकट मांडलं. एकदा कामं वाटली गेली की प्रत्येक जनुक आपापल्या कामात तरबेज होऊ शकतं. आधी एकालाच सगळीकडे धावावं लागायचं तेव्हा ते शक्य नव्हतं. नवेपण येतं ते असं मागाहून.

आता हे प्रत्यक्ष बघू. माझ्या रोजच्या ओळखीचं घराणं म्हणजे ग्लोबिन, हिमोग्लोबिनच्या साखळ्या बनवणारी जनुकं.

हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात हे तुला माहीत आहे. अल्फा १४१ अमिनो आम्लांची, बीटा १४६ची, आणि दोघींत निम्म्याहून कमी अमिनो आम्लं जुळतात. पण घडी तीच, लोह धरायची जागा तीच. साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी एकाच जनुकाच्या नकलेतून या दोघी फुटल्या. बेडकाच्या एका जातीत दोघींचे गट अजून एकाच गुणसूत्रावर शेजारी नांदतात. आपल्याकडे अल्फाचा गट सोळाव्यावर आणि बीटाचा अकराव्यावर.

सोळाव्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला अल्फाचा वाडा आहे, जेमतेम तीस हजार अक्षरांचा. त्यात सात खोल्या. पहिल्या खोलीत झीटा; ती गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांपुरती चालते आणि मग आयुष्यभर गप्प. तिच्या शेजारी तिचीच मेलेली नक्कल. मग म्यू. तिसऱ्या खोलीतल्या या बाईंची गंमत अशी, की कित्येक वर्षं त्या मेल्या आहेत असंच धरलं होतं, नावातही तसं लिहिलेलं होतं. २००५ साली लक्षात आलं की तांबड्या पेशी तयार होताना हे जनुक वाचलं जातं. कागदावर मयत दाखवलेला माणूस तलाठ्यासमोर हयातीचा दाखला घेऊन उभा राहावा, तसं. पुढच्या खोलीत आणखी एक मेलेली अल्फा. मग अल्फा-दोन आणि अल्फा-एक, घरातल्या कमावत्या, हुबेहूब तेच प्रथिन बनवणाऱ्या. आणि शेवटी थीटा, जिचं जनुक वाचलं जातं, पण रक्तातल्या कुठल्याही हिमोग्लोबिनात तिची साखळी सापडत नाही.

सातांत दोन मेलेल्या, दोन वाचल्या जाणाऱ्या पण कामाविना बसलेल्या, एक गर्भापुरती, दोन राबणाऱ्या. 'नकलेतून उत्क्रांती' हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर हा वाडा येतो.

तिकडे अकराव्या गुणसूत्रावर जरा आशादायक चित्र आहे. तिथल्या गॅमाची (बीटाच्याच भाऊबंदाची) दोन जनुकं जवळजवळ सारखी आहेत. इतर बऱ्याच सस्तन प्राण्यांत गॅमा भ्रूणावस्थेत चालते आणि थांबते. माकडं आणि मानव यांच्या शाखेत तिची नक्कल झाली आणि तिची वेळ पुढे सरकली; ती बाळ पोटात असेपर्यंत चालू राहू लागली. शिवाय तिच्यापासून बनलेलं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन घट्ट धरतं, म्हणून वारेतून बाळाकडे ऑक्सिजन ओढला जातो. तुला हवा होता तो नवा मजकूर तो हाच. तो नक्कल होतानाच आला नाही, नकलेनंतर बटणाची वेळ बदलली आणि चार अक्षरं इकडची तिकडे झाली, तेव्हा आला.

आता अल्फा-दोन आणि अल्फा-एक यांच्याकडे परत ये, कारण नक्कल आणि गळती एकाच अपघाताची दोन अपत्यं आहेत हे इथे दिसतं.

घाईत शर्टाचं बटण एक घर चुकवून लावलं की काय होतं? वर एक बटण जास्तीचं, खाली एक काज रिकामं. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी शेजारी लागतात. दोन सारखी जनुकं जवळजवळ असली की एका गुणसूत्राचं अल्फा-दोन दुसऱ्याच्या अल्फा-एकसमोर येऊन बसतं. तिथे अदलाबदल झाली की एका गुणसूत्रावर अल्फाची तीन जनुकं जातात आणि दुसऱ्यावर एकच उरतं. गहाळ झालेला तुकडा सुमारे ३,७०० अक्षरांचा, म्हणून आमच्या भाषेत त्याला 'थ्री पॉइंट सेव्हन' म्हणतात. लॅबमध्ये कोणी "आज दोन थ्री पॉइंट सेव्हन निघाले" म्हणालं, तर ते याबद्दल बोलत असतं. म्हणजे एकदा नक्कल झाली की पुढची नक्कल आणि पुढची गळती, दोन्ही सोप्या होतात.

अल्फाची चार जनुकं असणं ही निरोगी अवस्था, दोन आईकडून, दोन वडिलांकडून. एक गेलं तर पत्ताही लागत नाही. दोन गेली तर तांबड्या पेशी लहान आणि फिक्या. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू असतात. लोह तपासलं तर नॉर्मल! (डॉक्टर वाचत असतील तर विनंती: गोळ्या लिहिण्याआधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघा.) तीन गेली तर खरा आजार, आणि चारही गेली तर बाळ बहुधा पोटातच किंवा जन्मताच जातं. आपल्याकडे एकेक जनुक गेलेली गुणसूत्रंच जास्त आढळतात, म्हणून ते शेवटचं टोक क्वचित दिसतं.

मग इतकी घातक होऊ शकणारी गळती लोकांत टिकली कशी? हिवतापामुळे. १९४९ साली हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल (हिमोग्लोबिनच्या साखळ्या कमी बनण्याच्या या आनुवंशिक आजाराबद्दल) नेमकं हेच सुचवलं होतं, की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावं. अल्फाच्या बाबतीत पुढे त्याला भक्कम पुरावे मिळाले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. नक्कल आणि गळती या दोन्ही टोकांना त्यांचं नाव सापडतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आपल्या राज्याच्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं अल्फाचं एखादं जनुक गळलेलं असेल तर तांबड्या पेशींची मोडतोड काहीशी कमी होते. गळती म्हणजे उघड नुकसान, असं तू लिहिलंस. त्या रुग्णाच्या बाबतीत ती शिलकीत जमा होते.

उलट, जास्तीची प्रत नेहमी शिल्लकच असते असंही नाही. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. तपशील बदलले आहेत.

उल्हासनगर–कल्याण पट्ट्यात बीटा थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत, त्यामुळे आमच्याकडे असे नमुने सतत येतात. एकदा सहा वर्षांच्या मुलाचा नमुना आला. वडील बीटा वाहक, आईचा बीटाचा रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे मूल फार तर वाहक. वाहकाला फारसा त्रास नसतो. पण याचं हिमोग्लोबिन ८च्या आसपास, आणि प्लीहा हाताला लागत होती. मी बीटा जनुक आरपार वाचलं. वडिलांकडून आलेला एक दोष, बस. पुन्हा वाचलं, तेच. मग मला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली. कुटुंबाला पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. ठाण्याहून तुर्भ्याकडे येणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मी तीन दिवस तोच विचार करत उभी होते. शेवटी आमच्या तेव्हाच्या ज्युनिअरनं विचारलं, "मॅडम, अल्फा मोजलं का?" नव्हतं मोजलं. हिमोग्लोबिन कमी म्हटलं की काहीतरी गहाळ असणार, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की जास्तीचं काही शोधावं हे सुचलंच नाही.

एमएलपीए लावलं. ही प्रती मोजायची पद्धत. प्रत्येक जागेसाठी एक शिखर येतं आणि शिखराची उंची निरोगी नमुन्याशी ताडून बघायची. नेहमीची पातळी १. गहाळ असलं की रेघ खाली. या मुलाची अल्फाची रेघ १च्या वर सव्वाजवळ उभी होती. चारांऐवजी पाच. आईकडून आलेलं तीन अल्फांचं गुणसूत्र, तेच चुकलेल्या बटणातलं वरचं बटण. आईला पाच अल्फा असून काडीचा त्रास नाही, कारण तिची बीटा पूर्ण आहे. मुलाची बीटा निम्मी, अल्फा जास्त. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत गोळा होतात आणि पेशी फुटतात.

तेव्हापासून मला पटलं की जनुकांच्या जगात किती आहे यापेक्षा कोणाच्या प्रमाणात किती आहे हे महत्त्वाचं. एकविसावं गुणसूत्र सगळ्यांत लहानांपैकी, पण तेवढंच एक जास्तीचं आलं तर डाउन सिंड्रोम होतो. उलट ठाणे स्टेशनबाहेर मिळणारी नेहमीची मोठी केळी घे, ग्रँड नैन जातीची: तिच्यात गुणसूत्रांचे तीन संपूर्ण संच आहेत, ३३ गुणसूत्रं, आणि झाड धडधाकट. (बी धरत नाही, पण ते आपल्या पथ्यावरच पडलंय. सफेद वेलचीत दोनच संच, २२.) सगळंच एकत्र वाढलं तर प्रमाण बिघडत नाही. प्राण्यांना हे क्वचितच पचतं, वनस्पतींना सहज.

म्हणूनच अख्खा जीनोम दुप्पट होण्याच्या घटना इतिहासात टिकून राहिल्या. बेकरीतल्या यीस्टच्या पूर्वजांत साधारण १० कोटी वर्षांपूर्वी असं घडलं. वुल्फ आणि शील्ड्स यांनी १९९७ साली ते दाखवलं. पुढे दुहेरी जनुकांपैकी जेमतेम दहावा हिस्सा जोडीनं उरला, बाकीच्यांची एकेक प्रत गळाली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी हे दोनदा झालं. त्याची पावती हॉक्स जनुकांत आहे, शरीराचा पुढचा-मागचा भाग ठरवणाऱ्या. एका गटात १३ जागा. दोनदा दुप्पट म्हणजे चार गट, म्हणजे ५२ जनुकं हवीत. माणसात ३९ आहेत. तेरा गेली. झेब्रा माशाच्या पूर्वजांत आणखी एकदा दुप्पट झालं, म्हणजे आठ गट हवेत. हॉक्स जनुकं सापडतात सातांतच. आठव्या जागेवर एकही उरलेलं नाही.

आणि कोणती गळाली, कोणती राहिली, यातून जीव वेगळे होतात. याचं एक नितांतसुंदर उदाहरण २००९ साली पुढे आलं, आणि तुला ते करून बघता येईल इतकं सोपं आहे, निदान कागदावर. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं चिमुकलं रोप. त्यात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवायला लागणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या गुणसूत्रांवर आल्या. एका वाणात पहिल्या जागेची प्रत निकामी झाली, दुसऱ्या वाणात दुसऱ्या जागेची. दोन्ही वाण आपापल्या घरी सुखात. त्यांचा संकर केला, पहिली पिढी ठीक. दुसऱ्या पिढीत? काढ बरं पनेटचा चौकोन. पहिल्या जागी दोन्ही निकामी येण्याची शक्यता एक चतुर्थांश, दुसऱ्या जागी तशीच एक चतुर्थांश. सोळांत एक बी गर्भातच मरतं. कोणीही काही नवं मिळवलेलं नाही. दोघांनी फक्त वेगवेगळ्या वस्तू टाकल्या, आणि दोन घराण्यांत सोयरीक जमेनाशी होऊ लागली. अशा शेकडो जागा जमल्या की काय होईल, विचार कर.

गळतीबद्दल आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. जनुक गळालं म्हणजे गळण्यात फायदा होता, असं दर वेळी नसतं. पुष्कळदा चालून गेलं म्हणून गळालं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात बर्फमासे आहेत. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं. १९५४ साली रूड यांनी ते नोंदवलं. त्यांच्या जीनोममध्ये बीटा पुसली गेली आहे आणि अल्फाचा एक तुकडा तेवढा शिल्लक आहे. आपल्या वाड्यातल्या राबणाऱ्या बायांशिवाय हे मासे जगतात, कारण गोठणबिंदूजवळच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो. पण त्याची किंमत त्यांनी मोठं हृदय आणि जास्त रक्त बाळगून मोजली आहे. त्यांना फायदा झाला म्हणायचं का? मला नाही वाटत. निभावलं, इतकंच. आपणही जीवनसत्त्व क तयार करण्याचं शेवटच्या पायरीचं जनुक असंच हरवून बसलो आहोत. आवळा-लिंबं मिळत राहिली, म्हणून निभावलं.

गळतीचा सगळ्यांत उदास नमुना मात्र कुष्ठरोगाचा जंतू. २००१ साली त्याचा जीनोम वाचला गेला, आणि तो नमुना मूळचा तमिळनाडूतल्या रुग्णाकडचा होता. ३२.७ लाख अक्षरं. त्याचा भाऊबंद क्षयाचा जंतू ४४ लाख अक्षरांचा, सुमारे ४,००० जनुकांचा. कुष्ठाच्या जंतूत चालू जनुकं सुमारे १,६००, आणि मेलेली, पण अजून ओळखू येणारी, १,१००हून जास्त. कोकणातल्या आमच्या गावची आठवण होते मला. माणसं मुंबईला गेली, कुलपं गंजली, कौलं कोसळली, पण जोती अजून जागेवर. हे अमक्यांचं घर, इथे तमक्यांची पडवी, असं सांगता येतं. या जंतूनं माणसाच्या पेशीच्या आत मुक्काम ठोकला. तिथे बरंच काही आयतं मिळू लागलं, आणि स्वतः बनवण्याची जनुकं एकेक करून बंद पडली. परिणाम असा की तो कुठल्याही बशीत वाढत नाही. प्रयोगासाठी वाढवायचा तर उंदराचा तळपाय किंवा आर्माडिलो लागतो, आणि एकदा दुप्पट व्हायला जवळपास दोन आठवडे घेतो. परतीची वाटही नाही. एक अक्षर बिघडलं तर उलटं फिरू शकतं. हजार जागी कोसळलेलं घर पुन्हा आपोआप उभं राहत नाही.

आता शेवटचं उदाहरण, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण हा रिपोर्ट लिहिताना माझा हात अजून जड होतो.

पाचव्या गुणसूत्रावर एसएमएन१ नावाचं जनुक आहे. मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी जगवायला त्याचं प्रथिन लागतं. उंदरात हे जनुक एकच; ते पूर्ण काढलं तर पिल्लू गर्भातच मरतं. माणसात त्याची नक्कल आहे, एसएमएन२. ती जवळजवळ हुबेहूब, फक्त सातव्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा अंतिम संदेशात राहणारा तुकडा) एका सीच्या जागी टी. प्रथिनाचं अक्षरही त्यानं बदलत नाही. पण त्या एका बदलामुळे पेशी संदेश जोडताना बहुतेक वेळा सातवा एक्सॉन गाळून टाकते आणि अर्धवट, लवकर मोडणारं प्रथिन बनतं. पूर्ण प्रथिन निघतं ते थोडंसं, साधारण दहा टक्के. ओहनोंच्या हिशेबानं ही मोकळी सुटलेली, कुजायला लागलेली प्रत. काही निरोगी माणसांत ती मुळातच नसते आणि त्यांचं काही अडत नाही.

पण ज्या बाळाची एसएमएन१ची दोन्ही जनुकं गेलेली असतात, त्याला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करणारा आजार होतो, आणि त्याचं सगळं आयुष्य त्या कुजक्या प्रतीवर तरतं. रिपोर्टमध्ये पहिली ओळ 'एसएमएन१: ०' असली की माझी नजर थेट खालच्या ओळीवर जाते. एसएमएन२: २ असेल तर आजार बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच दिसतो. ३ असेल तर मूल बरेचदा बसायला शिकतं. ४ असेल तर चालतंही. अपवाद आहेत, म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये भाकीत लिहीत नाही. पण आई-वडील फोनवर तोच आकडा पुन्हा पुन्हा विचारतात. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं नुसिनर्सेन हे औषध याच बिघडलेल्या प्रतीवर काम करतं: सातवा एक्सॉन गाळू नकोस, असं पेशीला समजावतं. आणि ज्याच्या वर्गणीच्या बातम्या तू वाचल्या असशील, ते सोळा कोटींचं इंजेक्शन म्हणजे एसएमएन१ची शाबूत प्रत विषाणूच्या कवचात घालून बाहेरून देणं. नैसर्गिक नक्कल मोडकी निघाली म्हणून माणसानं केलेली दुसरी नक्कल.

तू लिहिलंस की तेच पान दोनदा छापल्यानं काही येत नाही. हे दुसऱ्यांदा छापलेलं पान आहे, त्यातही एक अक्षर चुकलेलं.

आता तुझ्यासाठी घरी बसून करायचं काम. 'एन्सेम्बल' हे जीनोम बघायचं संकेतस्थळ फुकट आहे. माणसाचं सोळावं गुणसूत्र उघड, अगदी टोकाला जा आणि एचबीझेड, म्हणजे झीटाचं जनुक, शोध. तिथून उजवीकडे सरकत एकेक जनुकाचं नाव वहीत लिही; ज्याच्या शेवटी पी आणि १ आहे ते मेलेलं समज. मग तोच वाडा चिंपांझीत, उंदरात आणि कोंबडीत उघड आणि चारही ओळी एकाखाली एक मांड. कुठली खोली कोणाकडे नाही, कुठली कोणाकडे जास्तीची आहे, ते पेन्सिलनं खूण कर. म्यूपाशी जरा थांब. कोंबडीत तिच्या भाऊबंदाला अल्फा-डी म्हणतात आणि तिकडे ती चांगली कामावर आहे. नाव वेगळं दिसलं म्हणून खोली रिकामी समजू नकोस.